कोकणात बोटीवरून शेवंड पकडायला जाताय? मराठवाड्यातल्या पर्यटकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत लातूर, नांदेड, परभणी, बीडकडच्या गाड्या मालवण, तारकर्ली, देवगडच्या बंदरांवर उभ्या दिसतात. तिथं "बोटीवर चला, शेवंड पकडून दाखवतो" असं सांगणारे भेटतात. आगाऊ पैसे देण्याआधी काय विचारायचं आणि काय तपासायचं, त्यासाठी हे पान आहे. समुद्राचे नियम आपल्या धरणांपेक्षा वेगळे आहेत आणि ते मोडले गेले, तर नुकसान शेवंडीचं होतं, बोटवाल्याचं होतं आणि तुमच्या सहलीचंही होतं.

शेवंड म्हणजे नक्की काय? आमच्याकडं हॉटेलात 'लॉबस्टर' म्हणून मिळतो, तोच का?

बहुतेक वेळा नाही. संभाजीनगर-नांदेडकडच्या हॉटेलांत 'लॉबस्टर' म्हणून ताटात येतो तो अनेकदा गोड्या पाण्यातला जंबो झिंगा असतो. ओळख सोपी आहे. जंबो झिंग्याला दोन लांब, सडपातळ, निळसर नांग्या असतात. आपल्या समुद्रातल्या शेवंडीला नांग्या नसतातच. तिला डोक्यापुढं दोन जाड, काटेरी, शरीरापेक्षा लांब मिशा असतात आणि पाठीच्या कवचावर काटे असतात. चित्रांत दिसणारा मोठ्या नांग्यांचा लॉबस्टर अटलांटिक महासागरातला, तो आपल्याकडं सापडत नाही.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रामुख्यानं मिळते ती पॅन्युलिरस पॉलिफॅगस ही जात. तिचा रंग हिरवट असतो आणि शेपटीच्या प्रत्येक वळीवर आडवा बारीक पांढरा पट्टा असतो. ही चिखलट तळावर राहते. पॅन्युलिरस होमारस खडकांच्या कपारीत राहते आणि तिच्या अंगावर बारीक पांढरे ठिपके असतात. थेनस, म्हणजे चप्पल शेवंड, चपटी असते. तिच्या मिशांच्या जागी फावड्यासारखे पत्रे असतात.

बोटीवरून गळ टाकला तर शेवंड लागते का?

नाही. बाकीचं सगळं विसरलात तरी हे लक्षात ठेवा. शेवंड रात्री तळावर सरपटत शिंपले, गोगलगायी, मेलेले जीव खाते. ती सापडते तळाला लावलेल्या जाळ्यात, ट्रॉलरच्या (जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक नौकेच्या) जाळ्यात किंवा सापळ्यात. गळाला मोडोसा, शेंगटी, तांबोशी लागेल. शेवंड लागली तर तो अपवाद.

म्हणून "दोन तासांत शेवंड पकडून देतो" याचा अर्थ दोनपैकी एक असतो. आदल्या रात्री कुणीतरी जाळं लावून ठेवलेलं असतं आणि तुमच्यासमोर ते फक्त ओढलं जातं. नाहीतर शेवंड पहाटेच्या लिलावात घेतलेली असते. दोन्हींत गैर काही नाही; फक्त ते तुम्हाला आधी सांगितलं पाहिजे. जाळं कुणाचं, कोणत्या परवान्यावर लावलं आणि कुठं लावलं, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर देताना बोटवाला चाचरला, तर तो सौदा सोडून द्या.

जायकवाडीत आम्ही मच्छीमार सोसायटीला विचारून गळ टाकतो. समुद्रात कुणाला विचारायचं?

गोड्या पाण्यात महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम १९६० चालतो आणि धरणातल्या मासेमारीचा हक्क बहुधा ठेक्यानं सोसायटीकडं असतो. समुद्रात ठेका नसतो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते आणि तिथं महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ लागू आहे. त्यापलीकडचा समुद्र केंद्राकडं. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, त्यामुळं ही हद्द साधारण २२ किलोमीटर होते. पर्यटकांची बोट तिच्या बाहेर जात नाही, म्हणजे तुमच्यासाठी राज्याचा कायदा पुरेसा.

या कायद्यात परवाना माणसाला नसतो, नौकेला असतो. सहाय्यक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांचं जिल्हा कार्यालय आणि बंदरावरचे परवाना अधिकारी हे काम पाहतात. सिंधुदुर्गचं कार्यालय मालवणातच आहे.

बोटीचे कोणते कागद बघायचे?

इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण खाती दोन आहेत आणि एकाचा कागद दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

मासेमारीचा परवाना मत्स्यव्यवसाय विभाग देतो. या नौकेच्या दोन्ही बाजूंना 'आयएनडी-एमएच'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक रोमन अक्षरांत रंगवलेला असतो. परवान्यावर नौकेचं नाव, मालक, जाळ्याचा प्रकार आणि मुदत लिहिलेली असते.

प्रवासी नेण्याचा परवाना महाराष्ट्र सागरी मंडळ देतं. त्यासाठी बोटीची तपासणी होते आणि ती किती माणसं पेलते, हे ठरतं. ही प्रवासी संख्या बोटीवर ठळक लिहिलेली असली पाहिजे. लेकरं मांडीवर बसली म्हणून मोजणीतून सुटत नाहीत.

जेटीवर उभं राहून पाच गोष्टी तपासायला दहा मिनिटं लागतात: प्रवासी परवान्याची मुदत, मंजूर माणसांची संख्या, परवान्यात लिहिलेला मार्ग आणि वेळ, तितकीच लाइफ जॅकेटं, आणि विम्याची पावती. जॅकेट हातात घेऊन पट्टा ओढून बघा. उन्हानं कुजलेला पट्टा पाण्यात तुटतो. आत फोमऐवजी थर्माकोलचे तुकडे जाणवले तर ते जॅकेट बाजूला ठेवायला सांगा. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट घालू नका. पाण्यात पडल्यावर ते डोक्यावरून निसटतं. पायांमधून जाणारा पट्टा असलेलं लहान मापाचं जॅकेट मागा, आणि ते नसेल तर लेकराला किनाऱ्यावर ठेवा.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडं निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि माणसं गेली. समुद्र शांत होता, वेळ दुपारची होती. जॅकेट बाकाखाली नको, अंगावर पाहिजे, ते यासाठी.

"माझ्याकडं मासेमारीचं लायसन आहे, तुम्ही बसा बिनधास्त" असं तांडेल (नौकेचा प्रमुख) म्हणतो. चालतंय का?

चालत नाही. मासेमारी नौका तांडेल आणि खलाशांसाठी असते. तिच्यावर कठडा नसतो, जाळं ओढायच्या यंत्राला आडोसा नसतो, फळीवर माशांचा चिकटा असतो. जाळं पाण्यात सुटताना दोरीच्या वेटोळ्यात पाय अडकला, तर माणूस जाळ्याबरोबर खाली जातो. अशा नौकेवर पर्यटकाला काही झालं, तर विमा कंपनीला नकार द्यायला कारण मिळतं, कारण नौका परवान्याबाहेरच्या कामाला वापरली गेलेली असते.

उलट बाजूही तशीच. फक्त प्रवासी परवाना असलेल्या बोटीनं जाळं लावणं म्हणजे विनापरवाना मासेमारी. बंदराबंदरावर रुळलेली सोयीची वाट अशी: तुम्ही प्रवासी बोटीवर बसायचं आणि परवानाधारक मच्छीमार आपल्या नौकेवर जाळं ओढताना जवळून बघायचं.

कोणत्या महिन्यांत जाऊ नये?

१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना यातून सूट आहे, पण खवळलेल्या समुद्रात पर्यटकानं अशा होडीत बसण्याचा विचारही करू नये. पर्यटनाच्या बोटी तर त्याआधीच, मेच्या अखेरच्या आठवड्यात थांबतात आणि ऑगस्ट संपल्यावर सुरू होतात. म्हणजे मासेमारी सुरू झाली तरी तुमची बोट लगेच सुरू होत नाही. नेमक्या तारखा त्या वर्षीच्या आदेशात बघा.

आपल्याकडं शाळा सुटून, लग्नसराई आटपून निघेपर्यंत जून उजाडतो. त्या वेळी कुणी "खास तुमच्यासाठी बोट काढतो" म्हणालं तर जाऊ नका. जूनमध्ये ताटात आलेली शेवंड बहुधा गोठवलेली असते. मासेमारी आणि जलपर्यटन दोन्हींसाठी मराठवाड्यातून जायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. वारा कमी, पाणी निवळ.

किती मोठी शेवंड घ्यावी? वजनाचा काही नियम आहे का?

निर्यातीसाठी केंद्र सरकारनं २००३ मध्ये किमान वजनं ठरवली. अख्ख्या, जिवंत किंवा थंड केलेल्या शेवंडीसाठी ती अशी: पॉलिफॅगस ३०० ग्रॅम, होमारस २०० ग्रॅम, ऑर्नॅटस (काटेरी शेवंडीचीच आणखी एक जात) ५०० ग्रॅम, चप्पल शेवंड १५० ग्रॅम. हा नियम निर्यातदारांसाठी आहे. पण ताटातली शेवंडसुद्धा त्याच समुद्रातून येते, म्हणून पर्यटकानंही हीच वजनं धरून चालावं. राज्यानंही २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवलं आहे. ती यादी मत्स्यव्यवसाय कार्यालयात मागितली की दाखवतात.

खिशात मावणारा हूकवाला डिजिटल काटा सोबत न्या. ओल्या पोत्यासकट वजन करून "तीनशे भरली" असं सांगण्याची पद्धत आहे. पोत्याचंच पाणी शंभर-दीडशे ग्रॅम भरतं. शेवंड बाहेर काढून, पाणी निथळू देऊन मोजा.

छोट्या शेवंडी 'स्वस्तात चार' म्हणून देऊ करतात. त्या घेऊ नका, असं आम्ही ठामपणे सांगतो. लहान शेवंडीत कवचच जास्त, मांस थोडं, म्हणजे खिशालाही तो तोटाच आहे. आणि तिनं अजून एकदाही अंडी दिलेली नसतात.

अंडीवाली मादी कशी ओळखायची?

उलटी करून शेपटीच्या खालची बाजू बघा. अंडी असतील तर तिथं बारीक मण्यांचा घोस चिकटलेला दिसतो. ताजी अंडी नारिंगी असतात, फुटायला आली की तपकिरी होतात. घोस लहानसा नसतो, अंड्यांची संख्या लाखांत जाते.

अंडी नसली तरी नर-मादी ओळखता येते. मादीच्या शेवटच्या, म्हणजे पाचव्या पायाच्या टोकाला बारीकसा चिमटा असतो, नराच्या नसतो. मादीच्या छातीच्या तळाला राखाडी-काळपट डाग दिसला, तर तो नरानं चिकटवलेला शुक्राणूंचा गोळा आहे, म्हणजे ती लवकरच अंडी देणार. तो मळ समजून खरवडू नका.

एक फसवणूक माहीत असू द्या. अंडी ब्रशनं किंवा हातानं ओरबाडून काढतात आणि 'साधी' म्हणून विकतात. शेपटीखालच्या पिसांसारख्या अवयवांवर तुटलेले दोरे, एखाद-दुसरा नारिंगी मणी राहिला असेल, तर तसंच झालेलं आहे.

याची किंमत काय असते, ते मुंबईच्या किनाऱ्यानं भोगलं आहे. ट्रॉलरच्या जाळ्यात एके काळी भरपूर येणारी चप्पल शेवंड १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथं जवळपास संपली. अंडीवाल्या माद्यांची बेसुमार पकड हे त्याचं कारण शास्त्रज्ञांनी नोंदवलं. काटेरी शेवंडीचं तर पिल्लूपण फार लांब: अंड्यातून निघालेलं पानासारखं पारदर्शक पिल्लू कित्येक महिने खुल्या समुद्रात वाहत राहतं, मग कुठं तळाला येतं. त्यातली मूठभरच जगतात.

जाळ्यात छोटी किंवा अंडीवाली आली तर सोडायची कशी?

भिरकावायची नाही. पाण्यात गटांगळ्या खात खाली जाताना मासे तिला टिपतात. पायाभोवती जाळं गुंडाळलं असेल तर आस, म्हणजे जाळ्याचं घर, कापा, पाय ओढू नका. ओढला की ती स्वतःच पाय टाकून देते. मिशा धरून उचलू नका, मुळापासून तुटतात. हातमोजा घालून पाठीचं कवच वरून धरा. शेपूट जोरात आपटते आणि तिच्या कडांनी बोट कापतं. उन्हात ठेवू नका, समुद्राच्याच पाण्यानं भिजवलेल्या पोत्याखाली ठेवा आणि जाळं होतं त्याच भागात, शक्य तितकं खडकाजवळ, अलगद पाण्यात सोडा. फोटो काढायचा असेल तर अर्धा मिनिट, त्याहून जास्त नको.

मालवणात समुद्रातलं अभयारण्य आहे म्हणे. तिथं काय बंद आहे?

मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झालं. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला पद्मगडाभोवतीचा सुमारे ३.१८ चौरस किलोमीटर भाग गाभा क्षेत्र. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास बोटीनं फिरताना तुम्ही या परिसरात असता. इथं वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू होतो. स्कूबा करताना प्रवाळ तोडणं, शिंपला-शंख उचलणं, कपारीतून शेवंड ओढून काढणं, काहीही करू नका.

शेवंड या कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित जीवांच्या यादीत, नाही, पण तिच्याच जाळ्यात येणारे काही जीव आहेत: समुद्री कासव, प्रवाळ, समुद्री घोडा, समुद्री काकडी, करवत मासा, बहिरी अर्थात देवमुशी (व्हेल शार्क). पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केल्यास तीन ते सात वर्षं तुरुंगवास आहे. जाळ्यात कासव अडकलं आणि मच्छीमारानं जाळं कापून सोडलं, तर राज्य शासन त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. तुमच्यासमोर असं घडलं तर त्याला फोटो-व्हिडिओ काढून द्या; अर्जाला तो पुरावा लागतो.

नियम मोडला तर दंड कुणाला?

सागरी कायद्यात दंड मुख्यतः नौकेच्या मालकाला आणि तांडेलाला होतो, पकडलेली मासळी जप्त होते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दंडाच्या रकमा लाखांत गेल्या आणि निवाड्याचा अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडं आला. वन्यजीव कायद्यात मात्र ज्याच्या हातात वस्तू सापडली तो आरोपी. पिशवीत प्रवाळाचा तुकडा असेल तर "आम्हाला माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही.

शेवंड लातूरपर्यंत जिवंत नेता येते का?

येते, पण तयारी लागते. मालवण, फोंडा घाट, कोल्हापूर, सोलापूर, तुळजापूर असा दहा-बारा तासांचा प्रवास धरा.

थर्माकोलचा खोका घ्या. तळाशी बाटल्यांत गोठवलेलं पाणी ठेवा, सुटा बर्फ नको. सुटा बर्फ वितळला की गोडं पाणी होतं आणि गोड्या पाण्यात शेवंड मरते. बाटल्यांवर वर्तमानपत्राच्या घड्या, त्यावर समुद्राच्या पाण्यात भिजवून पिळलेलं गोणपाट, त्यात शेवंडी एका थरात, पोट खाली. वरून पुन्हा ओलं गोणपाट. झाकणाला चार-पाच भोकं पाडा, तिला हवा लागते. आतलं तापमान १२ ते १६ अंश ठेवा. साधा थर्मामीटर आत टाकून ठेवला तरी पुरे. याहून गार झालं तर ती बधिर होऊन मरते, गरम झालं तर धडपडून मरते. पाण्यानं भरलेल्या बादलीत नेऊ नका, पाण्यातला प्राणवायू तासाभरात संपतो. संध्याकाळी निघा, म्हणजे सोलापूरचा पट्टा उन्हाआधी पार होतो. मे महिन्यात मात्र हा उद्योग नकोच.

वाटेत एखादी मेली तर डोकं लगेच पिळून वेगळं करा आणि शेपूट पिशवीत बांधून बर्फात ठेवा. डोक्यातल्या पाचक रसांमुळं शेपटीचं मांस काही तासांत पिठासारखं होतं. कधी मेली ते ठाऊक नसेल तर खाऊ नका. आणि घरात ज्यांनी शेवंड कधीच खाल्ली नाही, त्यांना पहिल्यांदा एखादाच घास द्या. झिंग्याची अ‍ॅलर्जी असलेल्याला शेवंडही बाधते, आणि ओठ-घसा सुजला तर थेट दवाखाना गाठा.

बाहेरच्या देशांत पर्यटकांना शेवंड पकडू देतात का?

देतात, पण मोजूनमापून. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये नियमित हंगाम ६ ऑगस्ट ते ३१ मार्च. डोळ्यांमधल्या शिंगांपासून पाठीच्या कवचाच्या मागच्या कडेपर्यंत ३ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ७६ मिलिमीटरपेक्षा मोठी असेल तरच घ्यायची, आणि हे माप पाण्यातच, बोटीवर आणण्याआधी घ्यायचं. नियमित हंगामात माणशी दिवसाला सहा. अंडीवाली पूर्ण बंद. प्रत्येक पाणबुड्याजवळ मोजपट्टी असावीच लागते. आपल्या बंदरांवर प्रवासी बोटींना अशी दहा रुपयांची प्लास्टिकची पट्टी सक्तीची केली, तर निम्मे वाद मिटतील, असं आमचं मत आहे.

जायकवाडीत किंवा येलदरीत शेवंड सोडून वाढवता येईल का?

नाही. तिला खारं पाणी लागतं. गोदावरीत आपला स्वतःचा झिंगा आहे, मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी. पावसाळ्यात भोई बांधवांच्या जाळ्यात तो येतो. कुणी मत्स्यालयाच्या दुकानातून 'गोड्या पाण्यातला लॉबस्टर' आणून तळ्यात सोडत असेल तर थांबवा. तो परदेशी क्रेफिश असतो. तो बांधात बिळं करतो आणि माशांची अंडी-पिल्लं खातो. नाथसागराच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. १९८६ मध्ये जाहीर झालेलं जायकवाडी पक्षी अभयारण्य तिथं आहे, त्यामुळं बोट आणि गळ दोन्हींसाठी वन्यजीव विभागाची परवानगी आधी विचारा.

काही चुकीचं दिसलं तर कुणाला कळवायचं?

समुद्रात जीव धोक्यात असेल तर तटरक्षक दल, १५५४. संशयास्पद नौका किंवा किनारा सुरक्षेसाठी सागरी पोलीस, १०९३. विनापरवाना मासेमारी असेल तर बंदरावरचा परवाना अधिकारी किंवा सहाय्यक आयुक्त मत्स्यव्यवसाय. जादा प्रवासी भरले असतील तर सागरी मंडळाचे बंदर निरीक्षक. कासव, प्रवाळ असेल तर वन विभाग, १९२६. नौकेचा क्रमांक, वेळ आणि जवळची खूण, एवढं लिहून घ्या. बोटीवर असताना वाद घालू नका, किनाऱ्याला लागल्यावर फोन करा.